दाभोळ–धोपावे: फेरीबोटीच्या आधीची तर कुठे लागायची?

खाडीवेडा: गेल्या महिन्यात गाडीसकट दाभोळहून वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे धोपाव्याला उतरलो. ही फेरीबोट २००३ सालची. त्याआधीच्या तरीचं, म्हणजे माणसं पलीकडे नेणाऱ्या होडीचं, काही शिल्लक आहे का? जेटीवर विचारलं तर "होडी होती" एवढंच उत्तर मिळालं.

आजोळ_गुहागर: माझं आजोळ पलीकडचं. सुट्टीत दाभोळपर्यंत एस.टी., पुढे तर. होडी समोरच्या काठाला असली की मामा तोंडाशी हात धरून कुकारा घालायचा. तांडेल (होडी चालवणारा) लगेच हलेल तर शपथ!

होडी सरळ समोर कधीच जायची नाही. ओहोटीचं पाणी वाशिष्ठीच्या मुखाकडे ओढतं, म्हणून आधी काठाकाठाने आत न्यायची आणि मग तिरकी सोडायची. ती ओढच तिला पलीकडे नेमकी आणून लावी. मला वाटायचं, तांडेल वाट चुकला.

पूर्ण सुकतीला, म्हणजे ओहोटी संपताना, होडी आणि काठाच्या मधे गुडघाभर चिखल. आजीला एकदा खांद्यावरून उतरवलं होतं. ती वर बसून उचलणाऱ्यालाच शिव्या घालत होती. त्यामुळे एकच धक्का शोधू नका. भरतीला होडी वर लागायची, सुकतीला बरीच खाली. चिखलात शिरणाऱ्या जांभ्याच्या पायऱ्या, दोराने घासून खाच पडलेला दगड, गावातून येऊन पाण्यापाशीच संपणारी पाखाडी (दगडी पायवाट), असं काही दिसतंय का बघा.

दप्तरी: कागदांत शोधणार असाल तर 'फेरी' नको, 'तर' शोधा. मुंबई इलाख्यात १८६८चा फेरी कायदा होता, तरींचे मक्ते लिलावाने जात. आणि बंदराचे अवशेष तरीचे समजू नका. व्हाइसरॉय अल्मेडाच्या पोर्तुगीजांनी १५०८मध्ये लुटलं ते दाभोळ मोठं व्यापारी बंदर होतं. पुढे मुंबईच्या आगबोटीही तिथे थांबत.

आजोळ_गुहागर: बरोबर. आणि एन्रॉनचा 'दाभोळ' वीजप्रकल्प शोधत दाभोळला येणारेही भेटतात. तो खाडीपलीकडे, अंजनवेलला. नाव तेवढं बिनतिकीट पलीकडे गेलं!

खाडीवेडा: सुकती कधी गाठू?

आजोळ_गुहागर: अमावास्येला किंवा पुनवेला. तेव्हा भरती दुपारी बाराच्या सुमारास, म्हणजे सुकती सकाळी सहाच्या आसपास, आणि पाणी सगळ्यात खाली. आदल्या रात्री मुक्कामाला या. चपला काठावरच ठेवा, चिखल परत देत नाही.