अमेरिकेत पोस्टडॉक: जे-१ की एच-१बी?

ऐरोलीची मुलगी: २ वर्षांची पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधनाचं काम) मिळालीये, सप्टेंबरला जॉइनिंग. युनिव्हर्सिटी जे-१ (एक्स्चेंज व्हिजिटरचा व्हिसा) देतेय पण बाबा म्हणतात एच-१बी (नोकरीचा व्हिसा) माग, नाहीतर नंतर २ वर्षं भारतात राहावंच लागतं. नवराही येणारे. काय करू?

घोडबंदरकर: ताई, जे-१च घ्या. ती २ वर्षांची अट आपल्याला बहुतेक स्किल्स लिस्टमुळे (कुठल्या देशाला कुठली कौशल्यं परत हवीत याची अमेरिकेची यादी) लागायची, ९ डिसेंबर २०२४ ला भारत त्यातून निघाला. फेलोशिप सरकारी पैशातली असेल तर मात्र अजूनही लागू शकते, युनिव्हर्सिटीला आत्ताच विचारा. आणि मुख्य म्हणजे जे-२ वर (जे-१ वाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) नवऱ्याला वर्क परमिट काढता येतं हो, एच-४ वर (एच-१बी वाल्याच्या जोडीदाराचा) सहसा नाही, माझ्या बायकोची ३ वर्षं घरी बसून गेली, फार वाईट वाटतं.

वाशीवाला: युनिव्हर्सिटीला एच-१बीची लॉटरी (अर्जांची सोडत) नसते हे खरं, पण सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेरून येणाऱ्यांच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलर फी लावली, कुठलं डिपार्टमेंट भरणार! डीएस-२०१९ साठी (जे-१ करता युनिव्हर्सिटी देते तो फॉर्म) आत्तापासून मागे लागा, तो आला की सेविसचे (एक्स्चेंज व्हिजिटरांच्या सरकारी नोंदणीची फी) २२० डॉलर भरा, लगेच बीकेसीच्या अमेरिकन कॉन्सुलेटमधला व्हिसा मुलाखतीचा स्लॉट बघा. प्रोग्रॅमच्या तारखेआधी ३० दिवसांपेक्षा लवकर आत घेत नाहीत, तिकीट त्यानंतरचंच काढा.

ऐरोलीची मुलगी: जे-२ चं माहीतच नव्हतं, खूप आभार दादा. आजच मेल करते.