मॅट्रिक्सची बेरीज: पुस्तक 'होत नाही' म्हणतं, नमपाय उत्तर देतं

प्रश्न (आडवी_ओळ):
अ = [१ २ ३; ४ ५ ६], ब = [१० २० ३०]. (अर्धविरामानंतर पुढची ओळ.) पुस्तकाप्रमाणे अ + ब होत नाही. पायथॉनमध्ये नमपायने (आकडेमोडीची लायब्ररी) मात्र मुकाट [११ २२ ३३; १४ २५ ३६] दिलं. खरं कोणाचं? शिवाय २प − ३फ (प, फ मॅट्रिक्स) अशा गणितात चिन्हं चुकतात, त्यावर काही उपाय?

स्तंभलेखक:
पुस्तकाचं. बेरजेला दोन्हींची कोटी (ओळी × स्तंभ) तंतोतंत सारखी लागते. २×३ मध्ये ३×२ सुद्धा मिळवता येत नाही, घटक दोन्हीकडे सहाच असले तरी. बेरीज जागेला जागा लावून होते आणि ३×२ मधल्या तिसऱ्या ओळीला समोर जोडीच नाही.

नमपायने केलं ते ब्रॉडकास्टिंग: ब ची एकुलती एक ओळ दोनदा वापरली. ते शेवटच्या मापापासून मागे (इथे आधी स्तंभ, मग ओळी) तपासत येतं. मापं सारखी असली किंवा एकीकडे १ असला तरच पुढे जातं. म्हणून २×३ आणि २×१ चालतं, २×३ आणि ३×१ ला एरर येते. एरर आली तर बरंच म्हणा. खरा घोळ ३×१ मधून तीन घटकांचा एकमितीय ॲरे (ओळी-स्तंभ नसलेली नुसती यादी) वजा केल्यावर होतो: तीन फरक हवे असतात, हातात ३×३ येतं आणि त्या फरकांच्या वर्गांची सरासरी काढली की आकडा चुकीचा, पण तक्रार कुठेच नाही. बेरजेआधी दोन्हींचे शेप (मापं) सारखे आहेत का ते असर्टने (अट खोटी ठरली तर प्रोग्राम थांबवणारी पायथॉनची आज्ञा) तपासा.

उणे_एक:
चिन्हांबद्दल. ३फ वजा करू नका, −३फ मिळवा. गुणतानाच चिन्ह बदलून मॅट्रिक्स पुन्हा लिहायची.

प = [२ −१; ० ४], फ = [१ −३; −२ ५]
२प = [४ −२; ० ८]
−३फ = [−३ ९; ६ −१५]
बेरीज = [१ ७; ६ −७]

बहुतेकांचं गाडं −२ − (−९) इथे अडतं. या पद्धतीत तिथे साधं −२ + ९ उरतं. शून्याची जागाही सोडू नका, तिथे ६ आला आहे.

आडवी_ओळ:
धन्यवाद. मग प + फ चा निश्चयक (डिटरमिनंट: २×२ मध्ये मुख्य कर्णाच्या गुणाकारातून दुसऱ्या कर्णाचा गुणाकार वजा) काढताना दोघांचे निश्चयक मिळवले तर?

स्तंभलेखक:
नाही. वरच्याच प, फ चे निश्चयक ८ आणि −१, म्हणजे ७. पण प + फ = [३ −४; −२ ९], त्याचा निश्चयक २७ − ८ = १९. आधी बेरीज, मग निश्चयक. ट्रेस (मुख्य कर्णावरच्या घटकांची बेरीज) मात्र खुशाल मिळवा: ६ + ६ = १२, आणि ३ + ९ सुद्धा १२.