मदत हवी आहे: नववीच्या वर्गाला 'शाळा' दाखवला, आता शिरोडकरबद्दल काय सांगू?

नमस्कार मंडळी. इथे मी नुसतीच वाचत असते, लिहिणं फार कमी, पण यावेळी खरंच अडलंय म्हणून धागा काढतेय. ज्यांनी 'शाळा' बघितला नाही त्यांनी आधी बघा मग वाचा, शेवट सांगावाच लागणार आहे.

मी तालुक्याच्या गावात हायस्कूलला मराठी शिकवते आणि यंदा नववी ब माझ्याकडे आहे. गेल्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर थांबायची तयारी असलेल्या मुलांना 'शाळा' दाखवला, सुजय डहाकेंचा, २०१२ च्या जानेवारीत थिएटरला आला होता तो, मिलिंद बोकीलांच्या कादंबरीवरचा. मी स्वतः तेव्हा कॉलेजला होते आणि बाहेर पडल्यावर बराच वेळ कोणाशी बोलले नव्हते, इतका आत गेला होता. मुकुंद जोशी, त्याला आवडणारी वर्गातली शिरोडकर, त्याचे दोस्त सुऱ्या, चित्र्या, फावड्या, ते अर्धवट बांधकामात जाऊन बसणं, 'लाईन' म्हणजे काय ते. वाटलं आमच्या नववीवाल्यांना कळेल, कारण वय तेच आहे, बाकी सगळं बदललं असलं तरी.

कळलंच. पोरं आधी खूप हसली, मग हळूहळू गप्प झाली. शेवटी शिरोडकर निघून जाते आणि जोशी एकटा उरतो तेव्हा मागच्या बाकावरचे दोघं, जे एरवी एक मिनिट शांत बसत नाहीत, ते मान खाली घालून बसलेले. मला आपलं बरं वाटलं की पोचला सिनेमा.

आणि मग एका मुलीने हात वर करून विचारलं, "बाई, शिरोडकरला काय वाटत होतं?" मी म्हटलं तिलाही तो आवडत होता की. तर ती म्हणाली, "ते जोशीला वाटत होतं बाई. तिला काय वाटत होतं ते कुठं दाखवलंय?" मग दुसरी म्हणाली की केवडाने, म्हणजे सुऱ्याला आवडणाऱ्या मुलीने, त्याची तक्रार केली तर सगळ्या पोरांनी तिला वर्गात शिव्या घातल्या, पण तिची काय चूक होती. खरं सांगते, मला उत्तर सुचलं नाही. उशीरही झालेला होता म्हणून मी म्हटलं सोमवारी बोलू, आणि आज बुधवार आहे, अजून बोललेले नाही.

तर मला तुमची मतं हवीत. मुलगी म्हणून, बाई म्हणून तुम्ही हा सिनेमा कसा बघितलात? खास करून १९७५-७६ च्या आसपास ज्या स्वतः आठवी-नववीत होत्या त्यांनी लिहावं ही फार इच्छा आहे, कारण मला तो काळ फक्त ऐकून माहीत आहे. आणि सिनेमा आणीबाणीच्या काळात घडतो, तर त्या आणीबाणीचं काय करायचं तेही सांगा, मुलांना त्यातलं काही म्हणजे काहीच कळलं नाही, मुकुंदचा नरूमामा (अभिनेता जितेंद्र जोशी) काय बोलतो ते डोक्यावरून गेलं. आमच्या स्टाफरूममध्ये एकदोघांचं म्हणणं आहे की हे असले सिनेमे वर्गात दाखवायचेच नसतात, त्यावर इथे वाद नको, माझं मत पक्कं आहे, दाखवायचेच.

रीळवेडा:
बाई, आधी अभिनंदन, आम्हाला शाळेत असं कोणी दाखवलं नाही. माझं मत असं की हा दोष नाही, कादंबरीच मुळात 'मी' मध्ये आहे, मुकुंद सांगतोय, त्याला जेवढं दिसतं तेवढंच आपल्याला दिसणार. शिरोडकरच्या मनात काय आहे हे त्याला माहीतच नाही आणि त्याच न कळण्यावर तर सगळी गोष्ट उभी आहे. सिनेमाला पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला (रूपांतरित पटकथा, अविनाश देशपांडे निगडी), उत्कृष्ट मराठी चित्रपटाचाही मिळाला, ते उगीच नाही, पुस्तकातली ती एका बाजूची नजर पडद्यावर टिकवणं सोपं नसतं. दिएगो रोमेरोचा कॅमेरा बघा, शिरोडकर दिसते ती बऱ्याचदा दुरून, वर्गातून, रस्त्यावरून, म्हणजे एक मुलगा चोरून बघतो तशी. मुलांना हे सांगा की आपण तिला बघत नाहीयोत, आपण जोशीचं बघणं बघतोय.

कौलारू:
@रीळवेडा हे बरोबर आहे पण त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर नाही. तिला माहितीये ते जोशीचं बघणं आहे, म्हणून तर तिने विचारलं!

परकर_पोलकं:
बाई, तुम्ही माझ्यासारखीलाच हाक मारलीत म्हणून लिहायला बसले. फोनवर टाइप करतेय, चुका समजून घ्या.

मी १९७५ च्या जूनमध्ये नववीत गेले. रत्नागिरी जिल्ह्यातलं गाव, नाव नको. दोन वेण्या, वर बांधलेल्या रिबिनी, मुली एका बाजूला मुलगे एका बाजूला. मुलगे आम्हाला आडनावाने हाका मारायचे, मारायचे म्हणजे काय, आपापसात घ्यायचे नाव, आमच्याशी बोलायची कुणाची टाप नव्हती. सिनेमात शिरोडकर शिरोडकर ऐकलं ना, तेव्हा मला थिएटरात एकदम माझं माहेरचं आडनाव ऐकू आल्यासारखं झालं, कित्येक वर्षांत कोणी मला त्या नावाने हाक मारलेली नाही.

आता केवडाबद्दल. माझ्या पुढच्या रांगेतली मुलं थिएटरातसुद्धा हसली होती त्या प्रसंगाला, सुऱ्या मार खातो म्हणून सगळ्यांना त्याची कीव. मला मात्र केवडा पुरती कळली. त्याचं कारण असं की आमच्या वर्गातल्या एका मुलीचं नाव कुणीतरी शाळेमागच्या भिंतीवर खडूने लिहिलं, पुढे अधिक करून एका मुलाचं नाव. त्या मुलीला काही माहीत नव्हतं. तिने घरी सांगितलं नाही, घाबरली. आठ दिवसांनी दुसऱ्या कोणाकडून तिच्या वडिलांना कळलं, आणि त्यांचा पहिला प्रश्न होता, तू का नाही सांगितलंस, म्हणजे तुझंही आहे काहीतरी. तिची शाळा सुटली. मुलाला दोन छड्या बसल्या आणि तो पुढे मॅट्रिक झाला.

तेव्हा केवडाने तक्रार केली म्हणजे ती दुष्ट नव्हे हो. तिने पहिल्यांदा जाऊन सांगितलं नसतं तर उद्या तिचंच दप्तर घरी राहिलं असतं. आम्हाला मुलीच्या जातीला तेवढं एकच करता येत होतं, आपण होऊन जाऊन सांगायचं. हे तुमच्या वर्गातल्या मुलग्यांना नक्की सांगा.

आणि शिरोडकरला काय वाटत होतं. मला विचाराल तर तिला आवडत होता तो. पण आवडतं हे स्वतःशी म्हणायला सुद्धा आम्हाला जागा नव्हती. घरात सात माणसं, दोन खोल्या. मुलग्यांना ते बांधकाम होतं जाऊन बसायला. आम्हाला कुठे होतं? मुली एकत्र भेटायच्या त्या पाणी भरताना नाहीतर भोंडल्याला, तेही आयांच्या देखत. म्हणून सिनेमात ती फार बोलत नाही ते मला खोटं वाटलं नाही. तेवढंच बोलता यायचं.

कौलारू:
काकू, वाचून अंगावर काटा आला. 'मुलग्यांना जागा होती' हे मी कधी लक्षातच घेतलं नव्हतं, चार वेळा बघूनसुद्धा.

घाटमाथा५९:
आणीबाणीचं मी सांगतो, तेव्हा मी अकरावीत. २५ जून १९७५ च्या रात्री लागू झाली आणि २१ मार्च १९७७ ला उठली, हे तर पुस्तकात असतंच, पण मुलांना तारखेने काही कळत नाही. त्यांना सांगा की सकाळी पेपर आला आणि अग्रलेखाची जागा कोरी, असं काही पेपरांनी निषेध म्हणून केलं होतं. कोरा कागद दाखवा वर्गात, बघा लगेच कळेल. डिसेंबर १९७५ मध्ये कराडला साहित्य संमेलन झालं, दुर्गाबाई भागवत अध्यक्ष, यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष, आणि त्यांच्यासमोर बाईंनी आणीबाणीचा निषेध केला. पुढे दुर्गाबाईंना अटक झाली. तुमच्या मुलींना ही गोष्ट आवडेल, एक बाई मंचावरून बोलली.

शिवाय शिक्षकांचं सांगा कारण सिनेमा शाळेतला आहे. माझे वडील प्राथमिक शिक्षक. नसबंदीच्या केसेस आणायचा आकडा मास्तर लोकांना लावून दिलेला, नाही भरला तर पगार अडेल ही धास्ती. वडील संध्याकाळी सायकल घेऊन वाड्यावस्त्यांवर जायचे आणि परत आले की जेवायचे नाहीत. १९७६ ला आपल्या विधानसभेने तर सक्तीच्या नसबंदीचं बिलच मंजूर केलं होतं, ते पुढे अमलात आलं नाही. शिक्षक वर्गात छड्या मारतो पण तोच बाहेर कुणाला तरी घाबरून आहे, हे मला त्या वयात दिसत होतं पण समजत नव्हतं. सिनेमात आणीबाणी मागे मागेच राहते अशी काही लोकांची तक्रार असते, मला ते बरोबर वाटतं, चौदा वर्षांच्या पोराला ती तेवढीच दिसायची. घरातली मोठी माणसं एकदम हळू बोलायला लागायची, बस.

सदाफुली:
माझं थोडं वेगळं मत. सिनेमा मला पुस्तकापेक्षा कमी वाटला, फार देखणा झालाय, सगळीकडे हिरवं आणि सोनेरी ऊन. कादंबरीतली भाषा जास्त राकट आहे. मुलींना कादंबरीतली शिरोडकरची पानं वाचून दाखवा, तिथे ती जास्त भेटते, दोघांचं बोलणं आहे. सिनेमात वेळ नाही त्याला.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. परकर_पोलकं काकू, तुमचं लिहिलेलं मी आज शुक्रवारी वर्गात वाचून दाखवलं, गावाचं वगैरे काही न सांगता. भिंतीवरच्या नावापर्यंत आले आणि पुढचं वाचताना माझाच आवाज जरा अडखळला. नंतर मी काही समजावून सांगायला गेले नाही. घाटमाथा काकांचा कोरा कागदही फळ्याला लावला होता, एकाने विचारलं बाई यावर काय लिहायचंय, म्हटलं लिहू दिलं नाही म्हणून कोरा आहे.

मग मुलांना विचारलं की घरात आजी किंवा मोठी आत्या कोणी त्या काळात नववीत होती का. चाळीसपैकी अकरा जणांच्या आज्या चौथीनंतर शाळेत गेल्याच नव्हत्या हे आत्ता तिथल्या तिथे कळलं. जिने पहिला प्रश्न विचारला होता ती म्हणाली, माझी आजी नववीपर्यंत शिकली, पण का सोडली शाळा ते सांगत नाही, विचारू का. मी हो म्हटलंय पण मनातून धाकधूक आहे. काकू, विशेषतः तुम्हाला विचारते, विचारू द्यावं का तिने? आजीला जुनं काही बोचेल का? सोमवारच्या आत सांगाल तर बरं होईल.

परकर_पोलकं:
विचारू दे. पण चारचौघांत नको, दुपारी भांडी झाल्यावर एकटी असताना. आणि आधी म्हणावं, आजी तुझं माहेरचं आडनाव काय गं.