नवख्याला वेगळं होम पार्टिशन करायला लावणं बंद करा

सह्याद्रीचा_पेंग्विन (धागाकर्ता)

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून ओळखीपाळखीत जुन्या लॅपटॉपवर लिनक्स, म्हणजे उबंटू किंवा मिंट, टाकून घेणाऱ्यांची रांग लागली आहे. आनंद आहे. पण थोडे दिवस गेले की त्यांचे फोन सुरू होतात आणि रडगाणं एकच: काहीही इन्स्टॉल करायला जावं तर 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस', आणि फोल्डर उघडून बघावं तर खाली भरपूर जीबी मोकळे दिसतायत.

परवा भाच्याचा लॅपटॉप आला. २५६ जीबीची एसएसडी, निम्मी विंडोजला. उरलेल्याचे दोन कप्पे, म्हणजे पार्टिशन: सिस्टिम आणि प्रोग्रामचं रूट २० जीबी, आणि बाकी सगळं स्वतःच्या फाइलींचं होम. जागा किती भरली ते दाखवणारी 'डीएफ -एच' कमांड मारली तर '/' च्या, म्हणजे रूटच्या, ओळीत १०० टक्के आणि '/होम' च्या ओळीत ९ टक्के. एक अपडेट अर्ध्यात मेलेलं, त्यामुळे प्रोग्राम टाकणारं ॲप्ट प्रत्येक वेळी 'डीपीकेजी वॉज इंटरप्टेड' म्हणून हात वर करतंय. पोराला वाटलं लिनक्सच बिघडलं. कॉलेजातल्या सीनियरने ही वाटणी करून दिली होती, 'रूटला वीस पुष्कळ होतात' असं सांगून.

एके काळी होतही असतील. आज उबंटू स्वतःच डेस्कटॉपसाठी किमान २५ जीबी सांगतं. स्नॅप आणि फ्लॅटपॅक हे ॲप्स टाकायचे दोन प्रकार; स्नॅप '/व्हार/लिब/स्नॅपडी' मध्ये जातात, फ्लॅटपॅक '/व्हार/लिब/फ्लॅटपॅक' मध्ये, लॉग '/व्हार/लॉग' मध्ये. म्हणजे फुगणारं सगळं रूटमध्ये, आणि जागा सगळी होममध्ये कुलूपबंद. उबंटूचा इन्स्टॉलर आपणहून वेगळं होम करत नाही. १७.०४ पासून स्वॅपसुद्धा (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) पार्टिशन न करता फाइलमध्ये ठेवतो. मग आपण शहाणे मध्ये पडून हे का करायला लावतो? नवख्याला एकच पार्टिशन द्यावं, विषय संपला. ज्यांना पटत नाही त्यांनी कारण सांगावं.

टर्मिनलवाली

पटत नाही. तुमच्या भाच्याला वेगळ्या होमने मारलं नाही, वीस जीबीने मारलं. रूटला ६० दिले असते तर हा धागाच निघाला नसता.

आणि पुन्हा पुन्हा इन्स्टॉल कोण करतं? नवखाच. आज उबंटू, उद्या फेडोरा, परवा कुणी सांगितलं म्हणून आर्च. होम वेगळं असलं की रूट फॉरमॅट करा, होमला हात लावू नका, फोटो आणि प्रोजेक्ट जागच्या जागी. एकाच पार्टिशनवर हाच खेळ करताना 'फॉरमॅट' ची खूण चुकून लागलेली राहिली की वर्षभराचं सबमिशन गेलं. जागा संपली तर शोधता येते, गेलेला डेटा कुठून आणणार?

सह्याद्रीचा_पेंग्विन

@टर्मिनलवाली, पार्टिशन म्हणजे बॅकअप नव्हे. एसएसडी गेली की दोन्ही एकदम जातात. उलट वेगळं होम आहे म्हणून लोक निर्धास्त राहतात आणि पेनड्राइव्हवर कॉपीसुद्धा काढत नाहीत. शिवाय जुनं होम नव्या डिस्ट्रोला (लिनक्सच्या दुसऱ्या प्रकाराला) जोडलं की आधीच्या डेस्कटॉपच्या लपलेल्या सेटिंग्ज सोबत येतात. मग पॅनेल गायब, थीम अर्धवट, आणि फोन पुन्हा आपल्यालाच.

६० म्हणता, पण १२८ जीबीच्या डिस्कवर, विंडोज ठेवून, ६० आणणार कुठून?

जुनं_खोड

दोघेही भलतीकडे भांडताय. वीस जीबीत माझा डेबियन वर्षानुवर्षं सुखाने नांदतोय. रोग वेगळा आहे. उबंटूने १९.१० ला क्रोमियम स्नॅपमध्ये ढकललं आणि २२.०४ ला फायरफॉक्स. तुम्ही ॲप्टने मागा, तरी मागच्या दाराने स्नॅपच येतं. वर प्रत्येक स्नॅपची मागची आवृत्तीही सांभाळून ठेवायची. मिंटने २०२० मध्येच, विसाव्या आवृत्तीत, स्नॅपला दार बंद केलं, ते उगाच नाही.

फ्लॅटपॅकही त्याच माळेतला मणी. एवढासा कॅल्क्युलेटर मागवला तर सोबत अख्खा ग्नोम डेस्कटॉपचा रनटाइम, म्हणजे ॲप चालायला लागणारा सगळा सरंजाम, उतरतो. चहा प्यायला कप मागितला आणि रुखवत आला, अशातली गत.

रात्रपाळी

@जुनं_खोड, रुखवत एकदाच येतो हो. दुसरं ग्नोम ॲप त्याच आवृत्तीचा रनटाइम वापरतं, पुन्हा उतरवत नाही. खरी अडचण जुन्या रनटाइमची, जे कुणी वापरत नाही तरी पडून राहतात. 'फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल --अनयुज्ड', एवढंच करायचं. आणि डिपेंडन्सीपायी लोक पॅकेज हाताने उतरवून एकात एक अडकवायचे, ते दिवस आठवतायत ना? नव्या माणसाला जुन्या एलटीएसवर (दीर्घकाळ सपोर्टच्या आवृत्तीवर) ताजं ॲप मिळतं ते स्नॅप-फ्लॅटपॅक याच दोघांमुळे.

स्नॅपबद्दल एक गैरसमज मात्र नेहमी दिसतो. 'डीएफ' मध्ये '/डेव्ह/लूप' च्या पाच-पन्नास ओळी येतात आणि सगळ्या १०० टक्के. नवखा घाबरतो. त्या फक्त वाचण्यापुरत्या, दाबून भरलेल्या फाइली असतात, त्या १०० च दाखवणार. त्या ओळी सोडा, '/' ची ओळ बघा.

नवशिका_सांगली

नमस्कार, मी वाचनमात्र असतो, पण हे वाचून राहवलं नाही. माझं मिंट आहे, म्हणजे स्नॅप नाही. रूट ३० जीबी. तरी भरली. जुनं खोड दादा, आता दोष कुणाला द्यायचा?

आणि खरं सांगू का, जागेपेक्षा उत्तरांचा त्रास जास्त होतो. पायथनची लायब्ररी टाकताना 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' आलं. एकाने सांगितलं '--ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस' लाव. नावातच ब्रेक आहे हो! दुसऱ्या वेळी 'कुड नॉट गेट लॉक' आलं, तर सल्ला मिळाला की लॉकची फाइलच उडवून टाक. तिसरा म्हणाला मॅन पेज (कमांडची माहितीपुस्तिका) वाच. कुणाचं ऐकायचं?

टर्मिनलवाली

@नवशिका_सांगली, पहिल्या दोघांचं अजिबात ऐकू नकोस.

लॉक म्हणजे दुसरं कुणीतरी त्या वेळी पॅकेजेस हलवतंय. बहुतेक वेळा अपडेट मॅनेजर किंवा पाठीमागे आपोआप चालणारी सुरक्षा अपडेट्स. चहा घेऊन ये, लॉक सुटतं. फाइल उडवली आणि ते काम तेव्हाच चालू असलं तर पॅकेजांची नोंदच बिघडते.

पिपचं, म्हणजे पायथनच्या लायब्ररी टाकणाऱ्या साधनाचं, असं, की सिस्टिमची कितीतरी साधनं त्याच पायथनवर चालतात. म्हणून डेबियन १२ आणि उबंटू २३.०४ पासून पिपला सिस्टिमच्या पायथनमध्ये लुडबुड करू देत नाहीत. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये व्हेन्व्ह (सिस्टिमपासून वेगळं पायथन) कर आणि त्यात हवं ते टाक. आयतं चालवायचं साधन असेल तर पिपएक्स.

आणि मिंटची रूट भरली म्हणजे आधी टाइमशिफ्ट, म्हणजे सिस्टिमच्या प्रती (स्नॅपशॉट) काढून ठेवणारं साधन, बघ. स्नॅपशॉट त्याच रूटवर ठेवत असशील तर पहिलाच स्नॅपशॉट जवळजवळ सिस्टिमएवढा होतो. पुढचे फक्त बदललेल्या फाइलींपुरते वाढतात, पण पहिल्यातच निम्मी जागा गेलेली असते.

जुनं_खोड

टाइमशिफ्टचं बरोबर, तेवढ्यापुरता स्नॅपला सोडतो.

पण एवढं लाडावून ठेवायचं काही कारण नाही. स्क्रीनवर आलेलं वाचायला नको का? २०२१ मध्ये यूट्यूबवाल्या लिनस सेबॅस्टियनने पॉप ओएस या डिस्ट्रोवर गेमचं स्टीम ॲप टाकताना काय केलं आठवा. ॲप्ट ओरडून सांगत होतं की तू काय करतोयस ते तुला नक्की माहीत नसेल तर हे करू नकोस. त्याने 'येस, डू ॲज आय से' असं अख्खं वाक्य टाइप केलं आणि डेस्कटॉप उडवला.

सह्याद्रीचा_पेंग्विन

तेच उदाहरण माझ्या बाजूचं आहे. माणूस स्टीम टाकायला गेला होता, डेस्कटॉप काढायला नव्हे. पॅकेजमधला घोळ डिस्ट्रोचा. आणि पुढे ॲप्टवाल्यांनीच २.३.१२ मध्ये अत्यावश्यक पॅकेजेस अशी उडवण्याची ती वाटच बंद केली. चूक फक्त वापरणाऱ्याची असती तर हत्यार कशाला बदललं असतं?

इथेही तसंच. इन्स्टॉलरने जी वाटणी सुचवली नाही ती आपण लादतो, आणि भरली की 'लॉग बघितले नाहीस का' म्हणून वर त्यालाच झापतो.

रात्रपाळी

लॉगचा विषय निघालाच आहे तर, सिस्टिमचे लॉग ठेवणारं जर्नल आपली कमाल मर्यादा फाइलसिस्टिमच्या दहा टक्के धरतं, जास्तीत जास्त ४ जीबी. वीसच्या रूटवर दोन जीबी तिथेच गेले. 'जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइज=२००एम' ने लगेच सुटतात.

दुसरं, ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टिम) मुळात पाच टक्के जागा रूट युजरसाठी, म्हणजे ॲडमिनसाठी, राखून ठेवतं. सिस्टिमच्या पार्टिशनवर ते शहाणपणाचं आहे, डिस्क भरली तरी आत शिरून साफसफाई करता येते. पण ५०० जीबीच्या होमवर त्याच हिशेबाने २५ जीबी अडकून बसतात. तिथे 'ट्यून२एफएस -एम १' करून बघा.

मी सर्व्हर सांभाळतो, तिथे '/व्हार' वेगळं ठेवल्याशिवाय झोप लागत नाही. पण तो न्याय मावशीच्या लॅपटॉपला लावत नाही. घरच्या मशीनपुरता धागाकर्त्याशी सहमत.

टर्मिनलवाली

सर्व्हरवर गाडी गेली, आता धागा पार भरकटायच्या आत परत या. माझा प्रश्न तसाच आहे: रीइन्स्टॉल करताना डेटा वाचवायची नवख्याला जमेल अशी दुसरी रीत सांगा. 'बॅकअप घे' सोडून. ते सगळे सांगतात आणि कुणी घेत नाही.

नवशिका_सांगली

टाइमशिफ्टच होतं! जुने स्नॅपशॉट काढले, रूट बरीच मोकळी झाली. धन्यवाद ताई. पण आणखी ॲप्स टाकायची आहेत. होममधली जागा रूटला देता येते का, सगळं न पुसता?

सह्याद्रीचा_पेंग्विन

येते, पण चालू सिस्टिमवरून नाही. लाइव्ह यूएसबीवरून (इन्स्टॉलरच्या पेनड्राइव्हवरून) बूट करायचं आणि जीपार्टेड या पार्टिशनच्या साधनात होमची डावी बाजू आत ढकलायची. मग मोकळी जागा रूटला चिकटून येते आणि रूट वाढवता येते. दोघांच्या मध्ये स्वॅप बसलं असेल तर आधी ते हलवायचं. डावीकडून कापलं की होममधला सगळा डेटा सरकवावा लागतो, त्यामुळे वेळ भरपूर लागतो. चार्जर लावून ठेव, मध्ये बॅटरी संपली तर होम गेलं समज. त्याआधी कॉपी बाहेर काढ.

एवढी धाकधूक नको असेल तर नवी फ्लॅटपॅक '--युजर' लावून टाक. फ्लॅटहब हे फ्लॅटपॅकचं भांडारही एकदा '--युजर' ने जोडावं लागेल. मग ती होममध्येच जातात, रूटला स्पर्श नाही.

टर्मिनलवाली

म्हणजे शेवटी वेगळ्या होमचाच उपयोग झाला.

सह्याद्रीचा_पेंग्विन

एकच पार्टिशन असतं तर '--युजर' लिहावं लागलं नसतं.