ब्रिटनमधल्या जनमत चाचण्या: माणसं खरंच बदलली का?

पिंपळपान:
ब्रिटनमध्ये १९८३ पासून ‘ब्रिटिश सोशल ॲटिट्यूड्स’ हे सर्वेक्षण जवळजवळ दरवर्षी होतं. काही प्रश्न तेव्हापासून आजवर विचारले जातात. समलिंगी संबंधांत काहीच गैर नाही, असं १९८३ मध्ये १७ टक्के लोक म्हणाले होते. २०२२ मध्ये ६७ टक्के. अख्खा देश चाळीस वर्षांत जुना पूर्वग्रह टाकू शकतो, याचा इतका धडधडीत पुरावा मला दुसरा माहीत नाही. माझ्या मते समाज शहाणा होतो तो असा. तुम्हाला काय वाटतं?

उंबरठा:
असहमत. लोक विचारणाऱ्याला मनातलं सांगतात की चारचौघांत शोभेल ते? इराक युद्धाचं बघा. २००३ मध्ये यूगव्हच्या चाचण्यांत सरासरी ५४ टक्के लोक युद्धाच्या बाजूने होते. २०१५ मध्ये त्याच संस्थेने ‘तेव्हा तुमचं मत काय होतं?’ असं विचारलं, तर फक्त ३७ टक्के म्हणाले की आम्ही बाजूने होतो. बाकीचे कुठे गेले? ज्यांना स्वतःचंच जुनं मत आठवत नाही किंवा कबूल करवत नाही, त्यांच्या आजच्या उत्तरावर किती विसंबायचं? १९९२ च्या निवडणुकीआधीही चाचण्यांत अटीतटीची लढत दिसत होती, आणि जॉन मेजर यांचा हुजूर पक्ष सात टक्क्यांहून जास्त मतांनी पुढे राहिला.

लीड्सकर:
उंबरठा, निवडणुकीचं उदाहरण इथे लागू पडत नाही. २०१५ लाही चाचण्या अशाच चुकल्या, मग रीतसर चौकशी झाली. लोक खोटं बोलले हे त्याचं मुख्य कारण निघालं नाही. नमुनाच चुकला होता: राजकारणात रस घेणारे, मजूर पक्षाकडे झुकलेले लोक त्यात गरजेपेक्षा जास्त आले होते. आणि लोक शोभेल तेच बोलतात म्हणता, तर १९८७ मध्ये, एड्सच्या भीतीच्या काळात, ६४ टक्के लोकांनी समलिंगी संबंध ‘नेहमीच चूक’ असं बिनदिक्कत सांगितलं. पुढच्याच वर्षी शाळांमधून या विषयाला ‘प्रोत्साहन’ द्यायला बंदी घालणारं कलम २८ आलं. तेव्हा जे उघड बोलायला लाज वाटत नव्हती, ते आज बोलायला वाटते. मी तरी यालाच मत बदलणं म्हणेन.

तिसरी_घंटा:
पिंपळपान, ‘शहाणा’ या शब्दाला माझी हरकत आहे. जन्मदाखल्यावरचं लिंग बदलायची मुभा असावी का, याला याच सर्वेक्षणात २०१९ मध्ये ५३ टक्के लोकांनी होकार दिला होता. २०२२ मध्ये ३० टक्के. तीनच वर्षांत! मग या तीन वर्षांत समाज वेडा झाला म्हणायचं का? मतं पुढे जातात तशी मागेही येतात.
म्हणून कायदे जनमताच्या मागे फरफटू नयेत. ब्रिटनच्या संसदेने खुनासाठीची फाशी १९६५ मध्ये थांबवली, तेव्हा बहुसंख्य लोकांना ती हवी होती. पाठिंबा निम्म्याच्या खाली यायला जवळपास पन्नास वर्षं लागली. खासदार चाचण्यांची वाट बघत बसले असते, तर मधल्या काळात किती माणसं फासावर गेली असती?

पिंपळपान:
फाशीचं उदाहरण माझीच बाजू भक्कम करतं. कायदा आधी आला, पण लोक अखेर तिथवर पोचलेच ना? जन्मदाखल्याचा वाद ताजा आहे. त्यात आत्ताच निकाल लावू नका.

उंबरठा:
लोक पोचले, की जुनी पिढी गेली आणि नवी आली? फाशीबाबत मला त्याचं उत्तर हवंय.
आणि तिसरी_घंटा, याच सर्वेक्षणाचा २०२३ चा आकडाही बघा. सरकार पक्षापेक्षा देशाचं हित आधी बघेल, यावर ४५ टक्के लोकांचा ‘जवळजवळ कधीच’ विश्वास नसतो. संसदेने जनमताच्या पुढे चालायचं म्हणता, पण ज्यांच्यावर भरवसा नाही त्यांच्या मागे लोक पन्नास वर्षं का चालतील?

लीड्सकर:
पिढीचा मुद्दा अर्धाच खरा. समलिंगी संबंधांबाबत तरुण जास्त मोकळे आहेत हे खरं, पण एकाच पिढीतली माणसं वय वाढलं तशी मऊ झाल्याचंही दिसतं. म्हणजे १९८७ मध्ये ‘नेहमीच चूक’ म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांनी जिवंतपणीच मत बदललंय.