'नाइट' मुळात सरदारकीचा शब्द नव्हे

इंग्रजी 'नाइट' (knight, म्हणजे मध्ययुगीन युरोपातला सरदार-योद्धा) हा शब्द पहिल्यापासून सरदारकीचा आहे, असं एका प्रतिसादात म्हटलंय. तसं नाही. जुन्या इंग्रजीत त्याचं रूप 'क्निख्त' होतं आणि अर्थ अगदी साधा: मुलगा, तरुण. (सुरुवातीचा 'क' तेव्हा खरोखर उच्चारत, आता तो फक्त स्पेलिंगमध्ये उरलाय.) शुभवर्तमानांच्या (बायबलातल्या येशूचरित्रांच्या) जुन्या इंग्रजी भाषांतरात येशूच्या शिष्याला 'लेओर्निंग-क्निख्त' म्हटलंय, म्हणजे शिकणारा मुलगा! तिथे ढाल-तलवारीचा काही संबंध नाही. मुलगा, मग कुणाच्या पदरी असलेला तरुण, मग राजाच्या पदरचा लढवय्या, असा हा शब्द चढत गेला. त्याचं जर्मन भावंड 'क्नेश्त' मात्र नोकरापाशीच थांबलं.

'नेव्ह' (knave, आजचा अर्थ लबाड माणूस) या इंग्रजी शब्दाचा प्रवास उलटा झाला आणि मला तो जास्त चटका लावतो. जुन्या इंग्रजीतला 'क्नावा' म्हणजेही मुलगाच. १४व्या शतकातल्या विक्लिफच्या बायबलात (बायबलाच्या इंग्रजी भाषांतरात) 'नेव्ह चाइल्ड' येतं, त्याचा अर्थ निव्वळ मुलगा. पण हा शब्द आधी पोरगा-नोकर झाला आणि शेवटी लबाड. पत्त्यांतल्या जॅकलाही इंग्रजीत नेव्ह म्हणत. त्याच पानाला आपण गुलाम म्हणतो, ते या मधल्या अर्थाशी चपखल जुळतं.