मदत हवी आहे: करांदा, घोटवेल, अळू यांना कुठल्या बाजूला चिकटवू?

भाचा नववीत आहे. पाने वाळवून वहीत लावायची, डावीकडे एकबीजपत्री, उजवीकडे द्विबीजपत्री, असा प्रकल्प आहे. चिपळूणला घराभोवती पावसाने रान माजलंय, त्यामुळे पानांना तोटा नाही. मका, हरळी, केळ, बांबू डावीकडे गेले. जास्वंद, पिंपळ, धोतरा उजवीकडे. गाजर गवत नावाचंच गवत, ते उजवीकडे जाणार हे त्याने स्वतः ओळखलं.

घोडं पुढे अडलं. शिरा समांतर तर एकबीजपत्री, जाळीदार तर द्विबीजपत्री, असं तो पाठ म्हणतो. पण करांद्याचं पान उजेडात धरलं तर देठापासून ठळक शिरा कमानीसारख्या टोकाकडे गेलेल्या आणि मधे चक्क जाळी! घोटवेलीचंही तेच. अळूला मधली शीर, तिला बाजूच्या शिरा, त्यांत बारीक जाळं. नेटवर मात्र तिन्ही एकबीजपत्री दिसतात. बी रुजवून बघावं तर आमच्याकडे अळू आणि करांदा दोन्ही कंदावरच लागतात. सरांना दाखवता येईल असं काही कारण आहे का? आणि नागवेल कुठे टाकू?

प्रतिसाद १
तिन्ही डावीकडेच. शिरांवरून बहुतेक वेळा जमतं, पण ती पक्की खूण नाही. घोटवेलीला फुलं आली असतील तर भिंग घेऊन बसा: सहा पाकळ्या, म्हणजे तीनच्या पटीत. नरफुलात पुंकेसरही सहा. करांद्याच्या लोंबत्या तुऱ्यातल्या फुलाला सहाच पाकळ्या, पण ती अगदी बारीक असतात. करांदा उपटलात तर सोटमूळ मिळणार नाही.

अळूच्या फुलावर वेळ घालवू नका. दांड्यावर चिकटलेल्या त्या फुलांना पाकळ्याच नसतात, मोजणार काय? त्यापेक्षा कंद धुऊन त्याची तंतुमय मुळं दाखवा. सुरणही त्याच कुळातला, आणि त्याच्याही पानात जाळी असते.

प्रतिसाद २
नागवेल शाळेपुरती उजवीकडे, कारण तिच्या बीजात दोन बीजपत्रं असतात. पण ताई, खोडाची आडवी चकती कापून बघितलीत तर वाहिन्यांचे पुंजके एकाच कड्यात नसतात, आतही असतात, आणि पोरगं पुन्हा गोंधळेल. सीताफळाचंही तसंच: फूल तीन जाड पाकळ्यांचं, बी मात्र दोन बीजपत्रांचं. १९९८ पासून जनुकांवर आधारलेलं जे वर्गीकरण रूढ झालं, त्यात मिरी-नागवेल, सीताफळ, सोनचाफा ही मंडळी जास्वंद-पिंपळाच्या मुख्य गटात नाहीतच. द्विबीजपत्री हा एकसंध गट राहिलेला नाही. भाच्याला हे सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी असतो तर सीताफळाचं फूल वहीत लावून सरांनाच विचारलं असतं.

धागाकर्ती
दोघांचे आभार. घोटवेलीला कळ्या आहेत, उमलल्या की भिंगाखाली घेते. सीताफळाची कल्पना भाच्याला भलतीच आवडली, सरांची काही खैर नाही. अळूचं पान मात्र वहीत काळं पडतंय.

प्रतिसाद १
पाणीदार असतं ते. कोवळं, तळहाताएवढं घ्या, वर्तमानपत्रात दाबून ठेवा आणि कागद रोज बदला. देठ अर्ध्यात उभा चिरला तर लवकर वाळतो. हाताला खोबरेल लावून मगच चिरा.